मजेत आहे!

शेजारच्या काकूंची मुलगी जानेवारीत पीएच.डी.साठी अमेरिकेला निघाली आहे. काल फराळाचे ताट घेऊन आली आणि विचारू लागली, "काका, बरोबर काय काय नेऊ?" कुकर ने, गोडा मसाला ने, असे सांगायला मी तोंड उघडले, आणि मला माझीच गोष्ट आठवली.

२००८ साली मी शिकागोच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका विद्यापीठात गणितासाठी दाखल झालो. तिथे डॉक्टरेट म्हणजे नुसता प्रबंध नव्हे. आधी दोन वर्षे वर्गात बसायचे, आठवड्याला वीस तास शिकवून फी माफ करून घ्यायची, आणि मग पात्रता-परीक्षा! संधी दोनच. दुसऱ्यांदा गचकलात की पटावरून नाव कमी. आणि विद्यार्थ्याचा व्हिसा त्या नावालाच टांगलेला असतो.

२०१० च्या ऑगस्टात मी नापास झालो.

दर रविवारी घरी फोन होई. आई विचारी, "कसं चाललंय?" मी म्हणे, "मजेत!" ती थाप मी तीन महिने चालवली. लक्ष्मीपूजनाचा दिवस आला. तिथे ना कंदील, ना सुट्टी. मी पोरांचे गृहपाठ तपासत बसलो होतो. घरून फोन आला. आई म्हणाली, "आमच्या डॉक्टरसाहेबांचा फराळ काढून ठेवलाय हो!" माझा आवाज फुटेना. बाबांनी फोन घेतला, आणि मी सारे सांगून टाकले.

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अरे, शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९२० ला ते पुन्हा गेले, आणि १९२३ ला डी.एस्सी. झालेच. तू तर अजून तिथंच आहेस. जेवलास का?"

बाबांच्या बोलण्याने मला गणित अधिक येऊ लागले, असे नव्हे. पण रात्री झोप लागू लागली. दुसऱ्या खेपेस पास झालो. नसतो झालो, तरी घराचे दार उघडे होते, हे मला आधीच कळले होते.

म्हणून त्या मुलीला म्हटले, "कुकर ने; पण आईला 'मजेत आहे' असं उगाच सांगू नकोस."

तेवढ्यात ताट न्यायला काकू आल्या. त्यांनाही सांगून ठेवले, "आणि काकू, दर फोनला 'कधी संपणार?' म्हणून विचारू नका. 'जेवलीस का?' एवढंच विचारा!"