‘काही सापडलं नाही’

गेल्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालो होतो. लाँच सुटायला वेळ होता, म्हणून खालचं पाणी बघत उभा राहिलो. मातकट, गढूळ. हात बुडवला तर बोटं दिसणार नाहीत. लांबवर मोठी जहाजं उभी होती. डोक्यात किडा वळवळला... यातल्या एखाद्याच्या बुडाला कोणी स्फोटक चिकटवलं, तर ते शोधायचं कसं?

ही सिनेमातली गोष्ट नाही बरं का! १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री मुक्ती वाहिनीच्या पोरांनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथे पोहत जाऊन जहाजं बुडवली. त्यांना भारतीय नौदलाने प्लासीजवळ भागीरथीत तयार केलं होतं. पायात फिन्स, हाताशी चाकू, छातीला बांधलेली लिम्पेट माइन. चाकू कशाला? बुडावरचं शेवाळ-शिंपले खरवडायला, नाहीतर माइनचं लोहचुंबक पत्र्याला नीट धरत नाही. १९८५ मध्ये ऑकलंड बंदरात ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ फ्रेंच हेरखात्याने असंच बुडवलं. एक फोटोग्राफर त्यात गेला.

आता शोधणाऱ्याची बाजू बघा. आधी जहाजाचा पंखा आणि पाणी ओढणारे पंप बंद करायचे. मग पाणबुड्यांनी एकच दोरी धरून पाण्याच्या रेषेपासून थेट तळापर्यंत रांग लावायची आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायचं. दिसत नाहीच, म्हणून हाताने चाचपत. पंखा, सुकाणू आणि पाणी आत घेणारे खळगे वेगळे तपासायचे, कारण लपवायला उत्तम जागा त्याच. दोघांच्या मध्ये हातभर पट्टी सुटली, तर तेवढं जहाज तपासलंच नाही.

‘अरे, रोबो पाठवा ना!’ असं आपल्यातला इंजिनिअर लगेच म्हणणार. जरूर पाठवा. आवाजाच्या लहरींवर चालणारा सोनार गढूळ पाण्यातही आकार दाखवतो, आणि संशयास्पद वस्तूजवळ माणसाआधी यंत्र गेलेलं कधीही चांगलं. पण शिंपल्यांचा गठ्ठा आणि माइन यातला फरक पडद्यावर कळायला सरावलेली नजर लागते, आणि अडचणीच्या खळग्यात शेवटी हातच घालावा लागतो.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये टेस्टिंगचा रिपोर्ट आला होता: शून्य बग. सगळे खूश. पहिल्याच दिवशी सिस्टिम झोपली. एक मॉड्यूल कोणी उघडूनच बघितलं नव्हतं! ‘सापडलं नाही’ आणि ‘नाहीये’ यातला फरक त्या रात्री जागून शिकलो. आमची फक्त झोप गेली. बंदरात माणसं जातील.

म्हणून माझं मत सरळ आहे. यंत्र घेताना सरावाचे पैसे त्याच फाईलवर मंजूर व्हावेत. आणि सराव कसा? न सांगता जहाजाच्या बुडाला दहा खोट्या माइन लावा आणि पाणबुड्यांना खाली सोडा. सात सापडल्या तर सातच लिहा, आणि उरलेल्या तीन का सुटल्या ते शोधा. यात पाणबुड्याचा अपमान नाही. उलट पुढच्या वेळी तो वर येऊन ‘काही नाही’ म्हणाला, तर त्या शब्दाला वजन येईल.

यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फोटो निघतो. अंधारात चाचपणाऱ्या हाताचा फोटो कोण काढणार?

असो. लाँचचा भोंगा वाजला. चढताना मात्र त्या गढूळ पाण्याकडे पुन्हा एकदा बघितलंच.