परीक्षकांत एखादा साथीदारही हवा

यंदा आमच्या मंडळाच्या समूह नाट्यगीत स्पर्धेत एका गटाने ‘स्वयंवर’मधलं पद सादर केलं आणि तो शेवटचा आला. शेरा दोनच शब्दांचा : “तयारी कमी”. ऑर्गन वाजवणारी, इथेच जन्मलेली पंधरा वर्षांची मुलगी मला म्हणाली, “आजोबा, नक्की कशाची तयारी कमी?” चाळीस वर्षं विद्यार्थ्यांचे पेपर तपासलेल्या मला उत्तर देता येईना.

परीक्षक चांगले ख्यालगायक होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी गुण दिले ते तानांना. ‘स्वयंवर’ १९१६चं. गंधर्व नाटक मंडळीत तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन बालगंधर्वांच्या गळ्याबरोबर चाले. हे सगळं मिळून ते गाणं होतं. गटातले एकमेकांना ऐकतात का, ऑर्गन गळ्यावर चढतो का, हे कोणी तपासलं?

इंग्लंडमध्ये यॉर्कला जुन्या युरोपीय संगीताच्या तरुण वाद्यवृंदांची स्पर्धा होते. तिथे परीक्षकांत ते संगीत स्वतः वाजवणारेही बसतात. आपण मात्र कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यालाच परीक्षक करतो. विमानाचं तिकीट वाचतं ना!

पुढच्या वर्षी तिघांत एक तरी ऑर्गन किंवा तबल्याचा साथीदार असावा, आणि प्रत्येक गटाला मराठीत वा इंग्रजीत अर्धं पान लेखी अभिप्राय मिळावा. साथीदाराच्या मानधनाचा पहिला चेक माझा.