अडाण्यांचा नव्हे, हुशारांचा आजार

कुठेही स्फोट झाला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शिक्षण नाही ना या लोकांना!" बोलणारा बी.ई., माना डोलावणारे बी.ई. मीही बी.ई.च आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हे वाक्य खोटं आहे आणि आपल्या सोयीचंही आहे.

मार्च १८८१, सेंट पीटर्सबर्ग. 'नरोदनाया वोल्या' या गुप्त संघटनेनं झार दुसरा अलेक्झांडर याला बॉम्बनं मारलं. बॉम्ब बनवणारा निकोलाय किबालचिच रेल्वे इंजिनिअरिंग शिकलेला. फाशीची वाट बघत असताना त्यानं कोठडीत रॉकेटच्या जोरावर उडणाऱ्या यानाचा आराखडा काढला. चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचं नाव आहे. याला अडाणी म्हणायचं?

पुढे या. ९/११ च्या हल्लेखोरांचा म्होरक्या महंमद अता कैरोत वास्तुशास्त्र आणि हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकला. कटाचा सूत्रधार खालिद शेख महंमद अमेरिकेतला मेकॅनिकल इंजिनिअर. १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडणाऱ्या पंथात रसायनशास्त्रज्ञ होते, हृदयाची ऑपरेशनं करणारा सर्जन होता. गॅम्बेटा आणि हर्टॉग या अभ्यासकांनी २०१६ च्या पुस्तकात दाखवलं, की उच्चशिक्षित जिहादींमध्ये इंजिनिअरांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. हुकलेल्या नोकऱ्या हे एक कारण. दुसरं कारण मनोवृत्तीचं: सगळं नीटनेटकं हवं, उत्तर एकच हवं, संदिग्धता नको.

म्हणजे सगळे इंजिनिअर संशयित का? अर्थातच नाही. डाव्या अतिरेकी गटांत तर इंजिनिअर फारसे सापडतच नाहीत, तिथे कला आणि सामाजिक शास्त्रांची पोरं जास्त. मुद्दा डिग्रीचा नाही, कल्पनेचा आहे. समाज हे यंत्र आहे, बिघडलेला भाग उडवला की ते सुरळीत चालेल, ही ती कल्पना.

यंत्र चाललं का? ज्या दिवशी झार मेला, त्याच सकाळी त्यानं कायदे करताना निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या योजनेला मंजुरी दिली होती. मुलगा गादीवर आला आणि योजना बासनात गेली. दडपशाही वाढली. १८८७ मध्ये नव्या झारला मारण्याच्या कटात अलेक्झांडर उल्यानोव्ह हा विज्ञानाचा विद्यार्थी फासावर गेला. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे लेनिन.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. पारनेरचे पांडुरंग बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, इंजिनिअरिंग शिकायला एडिंबराला गेले आणि १९०८ साली परतले ते रशियन क्रांतिकारकांची बॉम्बविद्या घेऊन. त्याच वर्षी मुझफ्फरपूरला किंग्जफर्डसाठी टाकलेला बॉम्ब चुकीच्या गाडीवर पडला आणि केनेडी कुटुंबातल्या दोन स्त्रिया मेल्या. मी क्रांतिकारकांना आणि अताला एकाच पारड्यात घालतोय का? नाही. परकी सत्ता उलथवणं आणि हजारो अनोळखी माणसं मारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण बॉम्बला हेतू वाचता येत नाही, हे मुझफ्फरपूरलाही खरंच होतं.

आता पुन्हा कँटीन. "शिक्षण नाही" म्हणणारा तोच मित्र पुढच्या घासाला म्हणतो, "एकदाच सगळं साफ करून टाकायला पाहिजे." टाळ्या! अरे, हीच तर ती कल्पना! 'टेरर' हा शब्द राजकारणात रूढ झाला तोच मुळी १७९३-९४ च्या फ्रेंच सरकारमुळे. रोबस्पिअर वकील होता, सद्गुणाची भाषा बोलत होता. साफसफाई करता करता शेवटी तोही गिलोटिनखाली गेला.

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला इतिहासाचं एक पान कुणी शिकवलं नाही. कोड चुकला तर आपण मागची आवृत्ती परत आणतो. मेलेला माणूस कुठल्या बॅकअपमधून आणणार? हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याच्या हुशारीची मला अडाणीपणापेक्षा जास्त भीती वाटते.