गाठीचा पुरावा कुठे आहे?

मानेत गाठ, अंगात ताप आणि समोर पंचविशीतली मुलगी. आपल्याकडे पाच मिनिटांत निकाल लागतो: टीबी, सहा महिने गोळ्या. भारतात टीबी खूप आहे, त्यामुळे हा अंदाज अनेकदा बरोबरही निघतो. पण तो चुकला, तर चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

किकुची-फुजिमोटो हा आजार घ्या. १९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी वेगवेगळा नोंदवलेला, लिम्फ नोडचा हा दुर्मीळ आजार. बहुतेकदा तरुणपणी होतो आणि आशियात जास्त दिसतो. ताप, दुखऱ्या गाठी, थकवा; दिसायला टीबी, कधी लिम्फोमासुद्धा. पण बहुतेकांचा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. तापाला पॅरासिटामॉल, दुखण्याला वेदनाशामक आणि आजार तीव्र असेल तरच स्टिरॉइड.

आता या मुलीला टीबीच्या गोळ्या सुरू करा. तीन महिन्यांत गाठ विरते. डॉक्टर खूश, घरचे खूश. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण श्रेय गोळ्यांना! ती मात्र यकृताला त्रास देऊ शकणारी औषधं उरलेले महिने गिळत राहते. आणि गाठ लिम्फोमाची असेल, तर तेवढे महिने हातचे गेले.

‘बायोप्सीला खर्च येतो, मानेवर व्रण राहतो, मुलीचं लग्न व्हायचंय.’ ऐकलंय सगळं. व्रण फिका पडतो, वाया गेलेले महिने परत येत नाहीत. सुईच्या नमुन्यात टीबीचे जंतू सापडले, तर प्रश्न मिटला. नाही सापडले, तर गाठच काढून तपासायला हवी. सुईने पेशी मिळतात, गाठीची रचना कळत नाही. आणि काढलेली गाठ सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये जाऊ देऊ नका. त्यात जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? एक तुकडा सलाइनमध्ये हवाच.

किकुची निघाला, तरी विषय संपत नाही. काहींना पुढे ल्युपस होतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

चालू असलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका. पण चिठ्ठी हातात पडताच विचारा: ‘डॉक्टर, टीबीचा पुरावा कशात सापडला?’ उत्तर मिळालं, तर एकही गोळी चुकवू नका. ‘आपल्याकडे टीबीच असतो’ हे मात्र उत्तर नव्हे.