परग्रहावरचा बडा काफ

'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन योद्ध्यांची भाषा म्हणजे निव्वळ करमणूक, तिच्यावर काय लिहायचं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही.

१९८४च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषातज्ज्ञाने ती रचली. १९८५ला तिचा शब्दकोशही आला. ती माणसांची वाटू नये, हा हेतू. मग तिच्यात घातलं काय? जीभ वर वळवून म्हणायचा ड. मूर्धन्य ष. घशातून घासत येणारे ख़ आणि ग़. आणि पडजिभेपाशी फुटणारा बडा काफ! साधा क तिच्यात नाहीच. ड आपल्या डोंगरात आहे, डाळीत आहे. बडा काफ तर मक्तबातलं सहा वर्षांचं पोर काढतं. छोट्यावर भागवलं तर उस्ताद सबक पुन्हा म्हणायला लावतात.

वाक्याचा क्रम आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. हा नियम असलेल्या भाषा जगात मोजक्याच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली हिश्कर्याना त्यातली एक. मराठीत तो नियम नाही, पण 'चहा घेतला का तुम्ही?' विचारताना आपण परग्रहावरचे झालो, असं कुणाला वाटतं का?

ओक्रँड यांच्या हेतूवर माझा आरोप नाही. त्यांची पीएचडी कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासींच्या मुत्सुन भाषेच्या व्याकरणावरची; हे आवाज माणसांचेच, हे त्यांना माहीत होतं. त्यांचे चाहते म्हणतात, विचित्रपणा आवाजात नाही, मांडणीत आहे. ड आहे, पण तशीच जीभ वळवून म्हणायचा ट नाही. अशी लंगडी जोडी भाषांत सहसा सापडत नाही. मान्य. पण प्रेक्षक वर्णमालेचा तक्ता घेऊन थिएटरात बसत नाही. त्याला ऐकू येतो तो घसा, आणि पडद्यावर दिसतो तापट, लढायला उठलेला परका. दोन्ही एकत्रच डोक्यात बसतात. पुढे तोच घसा विमानतळावर किंवा रेल्वेच्या डब्यात ऐकू आला की माना वळतात. आपल्यातले कितीतरी लोक डब्यात फोन घेताना सलाम हळू आवाजात करतात, ते उगाच नव्हे.

आणि विचित्रच हवं होतं, तर इंग्रजीतल्या 'थिंक'चा पहिला आवाज होता की! जीभ दातांत धरून फुंकायचा. जगातल्या बहुसंख्य भाषांत तो नाही. क्लिंगॉनमध्येही नाही. हॉलिवूडच्या प्रेक्षकाला तो घरचा वाटला असता ना.