दिवा बदलण्यापूर्वी

नवरात्र जवळ आले की शाळेच्या फाटकाबाहेर पालकांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कुणी मोटरसायकलला कोणता नवा बल्ब बसवला, तो किती पांढरा पडतो, कितीला मिळाला. वरच्या वर्गांतली मुलेही कान देऊन ऐकत असतात. त्यांच्या लेखी जुना पिवळा दिवा म्हणजे निव्वळ चिमणी. (परवान्याचे वय होण्याआधी गाडी कोण चालवतो, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.) या गप्पांत आम्हीही असतो. धारहून इंदूर सुमारे 60 किलोमीटर, देवासहून 35च्या आसपास. क्लास, नोकरी, दवाखाना, नात्यातले कार्य, सगळे तिकडे; परतताना अंधार पडतोच. रस्ता नीट दिसावा असे कुणाला वाटणार नाही?

पण गेल्या हिवाळ्यात आमच्या संपादक मंडळातल्या एका सदस्याच्या बाबतीत जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांनी जुन्या हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा पांढराशुभ्र बल्ब बसवून घेतला. आठवडाभर भेटेल त्याला कौतुक सांगितले. मग एका रात्री जेवण झाल्यावर ते शतपावलीला निघाले असता समोरून एक गाडी आली. डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. बाजूला व्हायला म्हणून पाय टाकला तो थेट नालीत. गाडी अंगावरून पुढे गेली तेव्हा कळले, ती त्यांचीच होती आणि चिरंजीव चालवत होते! घोटा तीन आठवडे बांधलेला होता. आपल्या दिव्यासमोर उभे राहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही, त्यांच्यावर आली.

हे का होते, ते थोडे समजून घेऊ. हॅलोजन बल्बमध्ये उजेड एका बारीक तारेतून निघतो. त्यामागची चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, ती तार नेमकी कुठे असेल हे धरूनच घडवलेली असते. डिपरची तार आणि अप्परची तार यांच्या जागांत काही मिलिमीटरचाच फरक असतो आणि तेवढ्यानेच उजेड खाली किंवा वर जातो. एलईडीच्या बल्बमध्ये तार नसतेच, दोन बाजूंना चिपा बसवलेल्या असतात. त्या तारेच्या अचूक जागी आल्या नाहीत, तर वाटी गोंधळते. उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो, रस्त्यावर त्यामानाने थोडाच राहतो. चालवणाऱ्याला मात्र सगळीकडे लख्ख दिसल्याचे समाधान मिळते. कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेला पूर्ण दिवा असेल तर गोष्ट निराळी. तिथे वाटी आणि चिप एकमेकांना धरून केलेली असतात.

दुसरा प्रकार वॅट वाढवण्याचा. आपल्याकडच्या अनेक 100 ते 125 सीसीच्या गाड्यांत 35/35 वॅटचा हॅलोजन असतो. मोटारीचा 60/55 वॅटचा बल्ब दिसायला तसाच, पण बुडाच्या कड्यावरचे दात थोडे वेगळे. ते कानशीने घासून बसवून देणारे भेटतात. मग होल्डर वितळतो, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते, आणि ज्या गाडीचे चार्जिंग एवढा भार सोसायचे नाही तिची बॅटरी थंडीत सकाळी हात वर करते.

आमचे मत असे की, आपल्यापैकी पुष्कळांना नवा बल्ब मुळी लागतच नाही. जो आहे त्याला पुरती वीज पोचत नाही आणि त्याचे तोंड भलतीकडे आहे, एवढेच. हॅलोजनच्या बाबतीत व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले की उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. गंजलेला जोड, सैल अर्थिंग, झिजलेला स्विच; इतके पुरते. जुन्या कितीतरी गाड्यांत दिव्याला वीज थेट कॉइलवरून येई, म्हणून चौकात गाडी हळू झाली की दिवाही मिणमिणायचा. ज्यांच्याकडे अशी गाडी अजून आहे त्यांना हे ठाऊकच असेल. जाणत्या मेकॅनिककडून जोड साफ करून घ्या, रिले टाकता येत असेल तर टाकून घ्या, काच आतून-बाहेरून पुसा. बल्ब काळवंडला असेल तर त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा नवा घाला.

आणि मग दिव्याचे तोंड. इथे थोडे गणित आहे, आठवीच्या मुलांनी करून पाहावे. समजा दिवा जमिनीपासून 1 मीटर उंच आहे आणि डिपरचा झोत दर 100 मीटरला 1 मीटर खाली उतरतो. हे ठीक. आता मागे माणूस बसला, वर गव्हाची पिशवी ठेवली, आणि मागची बाजू फक्त अडीच सेंटिमीटर दबली. दोन चाकांमधले अंतर साधारण सव्वा मीटर. म्हणजे झोत 100 मीटरला 2 मीटर वर उचलला गेला; खाली जायच्या ऐवजी आता तो 1 मीटर वर चालला आहे. 50 मीटरवर त्याची उंची किती? दीड मीटर. पायी चालणाऱ्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतल्या 106व्या नियमातही हीच दीड मीटरची उंची येते. दिव्यापुढे 8 मीटरवर त्या उंचीला असलेले डोळे दिपता कामा नयेत, असा त्याचा आशय. नियम करणाऱ्यांनी पायी चालणाऱ्याचा विचार केला होता. जुन्या पालकांना आठवत असेल, पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा रंग फासलेला असे. ओबडधोबड उपाय, पण त्यामागे समोरच्याची काळजी तरी होती.

देवासला तर हा विषय नवरात्रात फारच जवळचा होतो. टेकडीवर थोरल्या मातेच्या आणि धाकट्या मातेच्या दर्शनाला लोक रात्रभर पायी येत असतात, किती जण अनवाणी. बायका, कडेवरची मुले, म्हातारी माणसे. वय वाढले की दिपलेले डोळे पूर्ववत व्हायलाही जास्त वेळ लागतो. त्या गर्दीच्या दिशेने आपण अप्पर लावून जातो, आणि ताशी 50च्या वेगाने गाडी दर सेकंदाला 14 मीटर जाते. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या चालकाला आपल्या दोघांच्या मधला माणूस दिसतच नाही. धारकडे मांडूच्या रस्त्यावर पावसाळी धुक्यात वेगळा अनुभव येतो. तिथे अप्पर लावला की उजेड धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो. तेव्हा मुकाट्याने डिपर लावणारा शहाणा.

पीथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यातच, वाहनांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आहे, 2021 साली त्याचे उद्घाटन झाले. आपल्याला एवढे नको. 10 मीटर सपाट जागा आणि एक भिंत पुरे. गाडी भिंतीपासून 10 मीटरवर सरळ उभी करायची, चालवणाऱ्याने वर बसायचे, दिव्याच्या उंचीइतकी खडूची रेघ भिंतीवर मारायची आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेखाली 10 सेंटिमीटरवर येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवायचा. मागे रोज कुणी बसत असेल तर त्यालाही बसवून.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, घटस्थापनेच्या आधीच्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी शाळेचे पटांगण या कामासाठी दोन तास उघडे ठेवावे. भिंत आहे, खडू आहे, रेघा मारायला विज्ञान मंडळाची मुले उत्सुक आहेत. दिवस ठरला की फलकावर लावूच. पालकांनी येताना पेचकस आणावा, आणि रोज गाडीवर मागे जे बसतात त्यांना बरोबर आणावे. ज्यांचा घोटा मुरगळला होता ते सदस्य भिंतीपाशी उभे राहून कुणाचा दिवा डोळ्यांवर येतो ते सांगणार आहेत. त्यांनी आपला जुना पिवळा बल्ब केव्हाच परत बसवला आहे.