शस्त्रक्रियेनंतरची तालीम

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी युद्धकला शिकण्यास प्रारंभ केला, तेव्हा ती वार्ता त्यांच्या वाड्यावर एखाद्या दुर्वार्तेसारखी पसरली. सुमारे दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली होती. पत्नीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, थोरल्या चिरंजिवांनी डॉक्टरांना दूरध्वनी केला, आणि शेजाऱ्यांनी ‘या वयात ही अवदसा कशाला?’ असा प्रश्न टाकून आपले शेजारधर्माचे कर्तव्य पार पाडले. डॉक्टरांचे उत्तर ऐकून मात्र सारेच चकित झाले. गृहस्थांनी आधी त्यांचीच अनुमती घेतली होती, चालत्या पट्ट्यावरची व्यायामचाचणी करून घेतली होती, आणि ते जी कला शिकत होते ती चीनमधील ‘ताई ची’ ही अतिमंद गतीची युद्धकला होती. तीत कुणी कुणाला ठोसा लगावीत नाही की उचलून आपटीत नाही.

प्रसंग घरगुती आहे. पण त्यामागचा प्रश्न घरगुती नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने पुढे कसे जगावे, आणि समाजाने त्याला कसे जगू द्यावे, हा तो प्रश्न होय. पेडण्यापासून काणकोणापर्यंत असे घर विरळा, की ज्याच्या गोतावळ्यात छातीवर टाक्यांची उभी रेघ असलेला एकही माणूस नाही. म्हणून या विषयाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शस्त्रक्रिया काय करते हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. छातीचे मधले हाड उभे कापून छाती उघडतात. पायातील शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची धमनी घेऊन तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालतात. आणि शेवटी ते हाड पोलादी तारेने बांधून टाकतात. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे या पद्धतीचा पाया घातला. भारतात ती प्रथम १९७५ साली चेन्नईच्या पेरंबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. एके काळी अशा उपचारासाठी गोमंतकीयाला मुंबईची वाट धरावी लागे. आज बांबोळीच्या गोमेकॉत ही शस्त्रक्रिया होते, आणि २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने अनेक कुटुंबांच्या डोक्यावरचे खर्चाचे ओझे हलके केले आहे. ही प्रगती निर्विवाद होय.

परंतु शल्यविशारदाचे काम जेथे संपते तेथे रुग्णाचे काम सुरू होते, याचा आपणांस विसर पडतो. घरी परतलेल्या रुग्णाला काही निर्बंध सांगितलेले असतात. चार-पाच किलोंहून अधिक वजन, म्हणजे साधारण अर्धी कळशी पाणी, उचलू नये. हातांवर भार देऊन उठू नये. गाडी हाकू नये. ते निर्बंध योग्यच आहेत. सहा ते आठ आठवड्यांत हाड बऱ्याच अंशी सांधते आणि त्याला पुरती बळकटी येण्यास सुमारे तीन महिने लागतात. दुर्दैव असे, की तीन महिन्यांचा हा निर्बंध आपल्या घरांत आजन्म कारावास होऊन बसतो. बाजारची पिशवी हातातून काढून घेतली जाते. देवळाच्या पायऱ्या चढू लागताच कुणीतरी दंड धरतो. कालपर्यंत घराचा कर्ता असलेला पुरुष सोप्यावरच्या खुर्चीत बसून रस्त्यावरची वर्दळ मोजू लागतो. रक्तवाहिनी मोकळी झालेली असते, पण मनात भीतीची गुठळी अडकलेली असते. हे दुखणे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, आणि म्हणून त्यावर उपचारही होत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर अनेकांना खिन्नता ग्रासते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. आपल्या घरांत मात्र तिला ‘स्वभाव बदलला’ एवढेच नाव मिळते.

विश्रांतीच्या या अतिरेकाचा एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे बिछान्याला खिळवून ठेवीत. बोस्टनचे डॉ. सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णाला पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा साधी खुर्चीदेखील वैद्यकातील बंडखोरी ठरली. पुढे सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे व्यायामाचे कट्टे पुरस्कर्ते होते आणि स्वतः सायकल चालवीत. पुढल्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडणुकीस उभे राहिले आणि निवडून आले. हृदय दुखावलेला माणूस संसारातून बाद होत नाही, हे त्या प्रसंगाने जगाला दिसले. आमच्या सोप्यांवर ती वार्ता अद्याप पुरती पोचलेली नाही.

आता कोणी विचारील की व्यायामच करावयाचा तर चालावे. युद्धकलेचा हा खटाटोप कशासाठी? चालण्याची आम्ही यत्किंचितही अवहेलना करीत नाही. ते सर्वांत स्वस्त, सर्वांत सुरक्षित आणि प्रथम क्रमांकाचे औषध आहे. परंतु छाती उघडलेल्या माणसाचे खांदे पुढे झुकतात, तो हात जपून वापरतो, उशीखेरीज खोकायलाही कचरतो. नुसत्या चालण्याने खांद्यांचा हा आखडलेपणा जात नाही. युद्धकलेत उभे कसे राहावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर कसा न्यावा, हालचालीबरोबर श्वास कसा सोडावा, हे सारे क्रमाने शिकवितात. तेथे गुरू असतो, सहाध्यायी असतात, नेमलेली वेळ असते. त्यामुळे आळसाला सबब सापडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भीतीशी कसे वागावे हा या विद्येचा मूळ विषयच आहे. आपली छाती म्हणजे तडा गेलेले मडके, अशी ज्याची समजूत झाली आहे, तो माणूस जेव्हा दोन्ही बाहू संथपणे पसरून पवित्रा घेतो आणि मडके फुटत नाही हे अनुभवतो, तेव्हा दहा उपदेशांनी न होणारे काम होते.

ताई चीचा उगम चीनच्या हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात, सतराव्या शतकात झाला असे सामान्यतः मानतात. तिच्यातील प्रत्येक संथ हालचाल मुळात वार अडविण्याची, ढकलण्याची वा निसटण्याची आहे. १९५६ साली चिनी शासनाने सामान्य जनांसाठी तिचा चोवीस हालचालींचा सोपा क्रम तयार करविला, आणि २०२० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले.

तिच्या गुणावगुणांची शास्त्रीय पारखही झाली आहे. २०११ साली बोस्टन येथील एका चाचणीत हृदय दुबळे झालेल्या शंभर रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे ताई ची शिकविण्यात आली. त्यांचे जीवनमान, मनःस्थिती आणि आपण व्यायाम करू शकू हा विश्वास ही सुधारली. सहा मिनिटांत चालून जाण्याच्या अंतरात मात्र इतरांहून फरक पडला नाही. २०१७ साली अमेरिकेतच, हृदयरुग्णांच्या नेहमीच्या व्यायामवर्गास जाण्यास नकार दिलेल्या २९ जणांवर लहानसा प्रयोग झाला. ताई ची त्यांना सुरक्षितपणे झेपली आणि दीर्घकाळ शिकलेले लोक एरवीही अधिक हालचाल करू लागले. दमसास मात्र वाढला नाही. आपल्या देशातील २४ रुग्णालयांत झटक्यातून उठलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योग करणारे रुग्ण पूर्ववत् कामास अधिक चांगल्या रीतीने लागले. पुन्हा झटका वा मृत्यू टळतो असे मात्र त्या चाचणीने निःसंशय सिद्ध झाले नाही.

हे आम्ही मुद्दाम सविस्तर सांगत आहोत, कारण चमत्काराची जाहिरात करणारे कमी नाहीत. ताई चीने तुंबलेली धमनी उघडते असे कोणी सांगेल तर त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवावा. दमसास वाढविण्यासाठी चालणे वा सायकल हवीच. कोरोनरी हृदयविकाराच्या रुग्णांवरील ८५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून व्यायामाधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे झटके आणि रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात असे दिसून आले. युद्धकला ही त्या पुनर्वसनाची सोबतीण होय, सवत नव्हे.

सोबतीण कोणती निवडावी याचेही तारतम्य हवे. कराटेतील ‘काता’ म्हणजे एकट्याने करावयाचा ठरीव हालचालींचा क्रम; तो मंद गतीने, डॉक्टरांच्या संमतीने अनेकांस जमेल. समोरासमोरची झुंज मात्र वर्ज्य. ज्यूदोतील पटकी आणि कुस्तीतील पकड छातीवर भार टाकते. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसविली आहे त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. त्यांना लागलेला मुका मारही आतल्या रक्तस्रावाने घातक ठरू शकतो. श्वास कोंडून जोर लावणे सर्वांनाच निषिद्ध, कारण त्याने रक्तदाब एकाएकी उसळतो. नाडीचे ठोके कमी ठेवणारी औषधे घेणाऱ्याने नाडी मोजून आपली मर्यादा ठरवू नये. बोलता येईल इतपतच दम लागावा, ही साधी कसोटी पाळावी. प्रारंभी दहा मिनिटे अंग सैल करावे आणि शेवटी एकदम थांबू नये. आपल्याकडील वैशाखातील घाम आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांची जोडी चक्कर आणते, म्हणून तालीम सकाळच्या थंड वेळी करावी. छातीत, जबड्यात वा हातात दाटून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा छातीचे हाड ‘कट्’ वाजल्यासारखे वाटले, तर तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेही रुग्णांना अशी वेदना न होताही हृदय तक्रार करीत असते, याचे भान शिक्षकालाही हवे.

या सगळ्या चर्चेत जिचा उल्लेख क्वचितच होतो ती म्हणजे घरातील स्त्री. पुरुषाला शस्त्रक्रियेनंतर खुर्चीत बसवून ठेवतात, तर स्त्रीला महिन्याभरात रगड्यापाशी नि चुलीपाशी उभी करतात. हे दोन्ही अन्यायच. तिच्या वाट्याला ना पुरती विश्रांती येते ना पद्धतशीर व्यायाम. पुनर्वसनाच्या वर्गांत स्त्रियांची उपस्थिती पुरुषांहून कमी असते, हा जगभरचा अनुभव आहे. ‘घरकाम हाच तिचा व्यायाम’ हे वाक्य आपल्या जिभेवरून कायमचे पुसले गेले पाहिजे.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी कठीण नाहीत. रुग्ण घरी जाताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाचीही चिठ्ठी मिळावी: कोणत्या आठवड्यापासून, कोणती हालचाल, किती वेळ. शासनाने शस्त्रक्रियेच्या उपचारातच नंतरच्या पुनर्वसनाची गणना करावी आणि प्रत्येक तालुक्यात त्याची सोय करावी. कारण काणकोणच्या रुग्णाने आठवड्यातून दोनदा बांबोळी गाठावी ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे. आणि तिसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा आणि पंचायतींची सभागृहे दिवसाचे कितीतरी तास रिकामी असतात. तेथे प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन सकाळी असे वर्ग भरण्यास कोणत्या देवाची हरकत असेल? ज्या भूमीत शिगम्याला डिचोली-सत्तरीचे लोक हाती तलवार घेऊन घोडेमोडणी खेळतात, त्या भूमीला पवित्र्याचे वावडे नसावे.

प्रारंभी ज्यांचा उल्लेख केला त्या गृहस्थांकडे आम्ही परवा गेलो होतो. ते अंगणात आपला चोवीस हालचालींचा क्रम करीत होते आणि अठराव्या हालचालीला चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत होते. त्यांच्या पत्नी पायरीवर बसून ती चूक दाखवून देत होत्या. त्यांना क्रम पाठ झाला होता. ‘आपण का उठत नाही?’ असे आम्ही विचारले. ‘उद्यापासून’, असे त्या म्हणाल्या. ज्या माउलीने वर्षापूर्वी गाऱ्हाणे घातले तीच आता पदर खोचून उभी राहणार असेल, तर ते गाऱ्हाणे देवाने निराळ्या रीतीने ऐकले असेच म्हणावे लागेल. शल्यविशारदाने दिलेली वर्षे खुर्चीत घालवायची की अंगणात, याचा निर्णय प्रत्येक घराने डॉक्टरांना विचारून, पण भीतीला न विचारता, करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.